मार्फान आणि हृदयाचा स्नायू: तुम्ही पुन्हा पुन्हा विचारता ते प्रश्न

परळच्या एका रुग्णालयात मी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढते. बावीस वर्षं झाली. माझ्या धाकट्या भावाला मार्फान सिंड्रोम, म्हणजे शरीराला बांधून धरणाऱ्या जाळीचा जनुकीय आजार, आहे, त्यामुळे आत प्रोब हातात धरून जशी बसते, तशी बाहेरच्या बाकावर बहीण म्हणून फाइल मांडीवर घेऊनही बसले आहे. खालचे प्रश्न मोठ्या माणसांचे आहेत: कुणी एको चालू असताना विचारले, कुणी जिन्यात गाठून, कुणी रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर. औषध आणि ऑपरेशन यांचा निर्णय तुमच्या कार्डिऑलॉजिस्टचाच. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं, एवढं तरी इथून घेऊन जा.

१. मार्फान म्हणजे एओर्टा फुगण्याचा आजार ना? मग हृदयाच्या स्नायूचा प्रश्न कुठून आला?

मूळ दोष फायब्रिलिन-१ या प्रथिनात आहे. ते बनवणारं एफबीएन-१ हे जनुक पंधराव्या गुणसूत्रावर असतं. त्यातल्या बिघाडामुळे मार्फान होतो, हे १९९१ मध्ये सिद्ध झालं. फायब्रिलिन फक्त महाधमनीत, म्हणजे एओर्टात, नसतं. डोळ्यातलं भिंग जागेवर धरणाऱ्या धाग्यांत, झडपांत, फुप्फुसांत, त्वचेत ते असतं आणि हृदयाच्या स्नायूपेशींच्या मधल्या जाळीतही असतं.

गोधडी डोळ्यांसमोर आणा. कापड चांगलं असेल, पण टाके विरले तर आतली लुगडी सरकतात आणि गोधडी पसरट होते. इथे टाके फायब्रिलिनचे. प्रत्येक ठोक्याला किती ताण पडतोय हे स्नायूपेशींना या जाळीतूनच कळतं. शिवाय टीजीएफ-बीटा नावाच्या संदेशवाहक रेणूला हीच जाळी बांधून ठेवते. जाळी कच्ची असेल तर तो जास्त मोकळा सुटतो आणि पेशींना चुकीचे हुकूम मिळत राहतात. असा दोष असलेल्या उंदरांमध्ये झडपा ठीक असतानाही हृदयाचा कप्पा सैल पडल्याचं दिसलं आहे.

१८९६ मध्ये अँतोनी मार्फान या फ्रेंच बालरोगतज्ज्ञाने पाच वर्षांच्या मुलीचं वर्णन केलं ते लांब हातपाय आणि बोटांचं. हृदयाचा संबंध ध्यानात यायला पुढे चाळीसहून अधिक वर्षं गेली. मग सगळं लक्ष एओर्टाकडे गेलं आणि ते योग्यच होतं, कारण जीव जातो तो बहुधा तिथून. पण एओर्टाच्या त्या एका मापाखाली पंपाचे, म्हणजे हृदयाच्या स्नायूचे, आकडे झाकले जातात. हे पान लिहिण्याचं कारण तेच.

२. रिपोर्टवर ईएफ ५५ टक्के आहे. म्हणजे माझं हृदय निम्मंच चालतंय का?

नाही. हा प्रश्न मला रोज येतो आणि दर वेळी समोरच्याचा चेहरा पांढराफटक झालेला असतो. ईएफ, ज्याला आपण 'पंपिंग' म्हणतो, तो भाग सांगतो: डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती बाहेर गेलं. कोणाच्याच हृदयाचं पंपिंग शंभर टक्के नसतं. कळशी तिरकी करून ओतली आणि तळाशी थोडं पाणी राहिलं, तसं थोडं रक्त दर ठोक्याला आत राहतंच.

एकोवर पुरुषांत ५२ ते ७२ आणि बायकांत ५४ ते ७४ हा सर्वसाधारण पट्टा धरतात. त्याखाली ४१ पर्यंत 'सौम्य कमी'. हार्ट फेल्युअरच्या औषधांच्या मोठ्या चर्चेत ४० आणि त्याखालचा आकडा येतो.

३. गेल्या वर्षी ईएफ ६२ होता, यंदा ५७ आला. घसरण सुरू झाली का?

फक्त यावरून तसं म्हणता येणार नाही. तोच माणूस, तोच दिवस, दोन तंत्रज्ञ: पाच आकड्यांचा फरक सहज पडतो. एकाने नजरेने अंदाज लिहिलेला असतो, दुसऱ्याने कडा आखून मोजलेलं असतं. मशीन वेगळं, रुग्णाचा श्वास वेगळा, त्या दिवशीचं बीपी वेगळं.

म्हणून शक्यतो दर वर्षी एकाच ठिकाणी एको करा आणि जुन्या रिपोर्टची झेरॉक्स बरोबर आणा. माझ्याकडे जुना रिपोर्ट असला की मी मागची मापं शेजारी ठेवून त्याच जागेवर मोजते. रिपोर्ट घरी राहिला तर मी आंधळेपणाने मोजते. तीन वर्षांत ६२, ५७, ५२ अशी एकाच दिशेची ओळ दिसली, तर प्रत्येक आकडा 'नॉर्मल' असूनही डॉक्टरांना ती ओळ दाखवा.

४. माझी झडप चांगली आहे, एओर्टाही फार मोठा नाही. तरी पंपिंग थोडं कमी सांगितलं. असं होतं?

होतं. यालाच काही तज्ज्ञ मार्फान कार्डिओमायोपॅथी म्हणतात: झडपेच्या गळतीने न आलेला, स्नायूचा स्वतःचा अशक्तपणा. बरीच वर्षं यावर वाद होता. काही पाहण्यांत बहुतेकांचे कप्पे नॉर्मल निघाले, काहींत थोडा दोष दिसला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मार्फानच्या ६८ प्रौढांचा हृदयाचा एमआरआय केला, तेव्हा सुमारे एक चतुर्थांश जणांत डाव्या कप्प्याचं पंपिंग कमी आढळलं, तेही झडपेचा मोठा दोष नसताना.

यात धीर देणारी गोष्ट अशी की ही कमतरता बहुतेकांत सौम्य असते आणि वर्षानुवर्षं काही त्रास देत नाही. फार कमी लोकांचा स्नायू खरंच खचतो. पण ते थोडे लोक आधी कळायला हवेत, आणि कळतात ते दर वर्षी मोजल्यानेच.

५. मायट्रल झडप गळते, पण ईएफ चक्क ६५ आहे. म्हणजे हृदय ठणठणीत ना?

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून जरा सविस्तर.

मार्फानमध्ये मायट्रल झडपेचे, म्हणजे डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपेचे, पडदे लांब आणि लवचीक होऊन मागे झुकतात, त्याला प्रोलॅप्स म्हणतात. गळती मोठी असेल तर कप्पा आकुंचन पावताना रक्ताला दोन वाटा मिळतात. एक पुढची, एओर्टाची. दुसरी मागची, डाव्या वरच्या कप्प्याची, जिथे दाब कमी असतो. मागची वाट सोपी. त्यामुळे दमलेला स्नायूसुद्धा भरपूर रक्त बाहेर ढकलतो आणि ईएफ छान दिसतो. त्यातलं किती शरीराकडे गेलं आणि किती उलटं गेलं, हे ईएफ सांगत नाही.

म्हणून मायट्रलची गळती तीव्र असेल तर नियम वेगळे. ईएफ ६० किंवा त्याखाली आला, किंवा आकुंचनाच्या शेवटी कप्प्याचा व्यास ४० मिलिमीटर झाला, तर त्रास नसतानाही ऑपरेशनचा विचार करतात. एरवी ६० हा आकडा पेढे वाटण्याचा. एओर्टाची झडप तीव्र गळत असेल तर खुणा ईएफ ५५ आणि व्यास ५० मिलिमीटर अशा आहेत. त्या गळतीत तेच रक्त परत परत कप्प्यात येतं आणि कप्पा हळूहळू मोठा होतो.

'ईएफ नॉर्मल' एवढंच वाचून फाइल मिटू नका. गळती किती, हे त्याच्या शेजारी वाचा.

६. मग एकोच्या रिपोर्टमध्ये नेमकं काय काय बघायचं?

एओर्टाचं मूळ किती मिलिमीटर, हे तुम्ही विचारताच. त्यासोबत हे विचारा: डाव्या कप्प्याचे दोन्ही व्यास, प्रसरणाचा आणि आकुंचनाचा. ईएफ, आणि तो अंदाजाने की मोजून. मायट्रल व एओर्टिक गळती सौम्य, मध्यम की तीव्र. स्नायू सैल होताना नीट सैल होतो का, म्हणजे डायस्टोलिक फंक्शन. उजव्या कप्प्याचं काम. आणि मशीनवर सोय असेल तर 'स्ट्रेन'.

स्ट्रेन म्हणजे स्नायूचा धागा लांबीत किती टक्के आखडतो. तो उणे चिन्हाने लिहितात, साधारण उणे २० च्या आसपास असावा. उणे चिन्ह पाहून दचकू नका. ईएफ अजून शाबूत असतानाच स्ट्रेन उतरायला लागलेला दिसू शकतो, म्हणून मला तो आवडतो.

आणखी एक गोष्ट मी हट्टाने करते. उंची आणि वजन मी विचारून लिहीत नाही. चपला काढून, भिंतीला टाचा लावून मोजते. मार्फानच्या माणसाच्या बाबतीत कप्पा मोठा की माणूस मोठा, हे शरीराच्या आकाराशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. १९० सेंटिमीटर उंची आणि ६० किलो वजन असलेल्याचं शरीराचं पृष्ठफळ १.७८ चौरस मीटरच्या आसपास भरतं. उंची पाहून वाटतं तेवढं मोठं ते नसतं, कारण वजन कमी असतं. रिपोर्टच्या डोक्यावर उंची-वजनाची जागा मोकळी असेल तर तिथल्या तिथे भरून घ्या.

७. छातीला खड्डा आहे. एकोवाले म्हणतात, नीट दिसत नाही. आता?

छातीचं हाड आत गेलेलं असलं की हृदय डावीकडे सरकतं, कधी थोडं दाबलंही जातं, विशेषतः उजवा कप्पा. नेहमीच्या जागी प्रोब ठेवला तर पडद्यावर नुसतं धुकं. डाव्या कुशीवर पूर्ण वळायचं, डावा हात डोक्याखाली, श्वास सोडून थांबायचं, आणि प्रोब जवळजवळ काखेपर्यंत न्यायचा. तिथे कप्प्याचं टोक सापडतं. माझ्या भावाचं हृदय मला तिथेच सापडतं. यात दहा मिनिटं जास्त जातात. गर्दीच्या ओपीडीत ती मिळत नाहीत, तेव्हा 'खिडकी खराब' लिहून काम उरकलं जातं. विनंती करा, सकाळी लवकरची वेळ मागा.

तरीही नीट दिसलं नाही तर हृदयाचा एमआरआय. ईएफ आणि कप्प्याचं आकारमान मोजायला तो एकोपेक्षा भरवशाचा, आणि त्याच वेळी पूर्ण एओर्टाही पाहून होते. यांत्रिक झडप बसवलेली असली तरी बहुतेक वेळा एमआरआय करता येतो. झडपेचं कार्ड मात्र दाखवा.

८. दादर स्टेशनचा पूल चढताना दम लागतो. हृदय कमजोर झालं असेल का?

असेल किंवा नसेलही. दम लागण्याची मार्फानमध्ये इतर कारणंही असतात. छातीचा आकार आणि पाठीचा बाक यांनी फुप्फुसांना जागा कमी पडते. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, या लोकांत जास्त दिसतो, आणि तो वर्षानुवर्षं राहिला तर हृदयालाही दमवतो. बीटा ब्लॉकरने नाडी मंद होते, त्यामुळेही सुरुवातीला पाय जड वाटतात. अ‍ॅनिमिया तर आपल्याकडे घराघरात.

हृदयाकडे बोट दाखवणाऱ्या गोष्टी: आडवं पडल्यावर धाप लागून उठून बसावं लागणं, संध्याकाळी घोट्यांवर सूज, दोनचार दिवसांत दोन किलो वजन वाढणं, गेल्या दिवाळीत चढलेला जिना या दिवाळीत न झेपणं. तेव्हा एकोसोबत एनटी-प्रोबीएनपी ही रक्ताची तपासणी डॉक्टर सांगतात. स्नायूवर ताण आला की ती वाढते.

एका बाजूला अचानक टोचून दुखलं आणि लगेच धाप लागली, तर फुप्फुसातून हवा सुटलेली असू शकते. उंच, सडपातळ मार्फानवाल्यांत हे होतं. त्याच दिवशी एक्स-रे काढा. छातीत फाटल्यासारखं दुखलं तर थेट प्रश्न १५ वर जा.

९. मध्येच धडधडतं, एक ठोका चुकल्यासारखा वाटतो. याचा स्नायूशी संबंध आहे?

अधूनमधून चुकणारा एखादा ठोका निरोगी माणसालाही जाणवतो. मार्फानमध्ये मात्र कप्पा मोठा झालेला, मायट्रलचा प्रोलॅप्स आणि एनटी-प्रोबीएनपी वाढलेलं, अशांत खालच्या कप्प्यातून येणारे जादा ठोके जास्त आढळतात, आणि क्वचित ते जिवावर बेततात. त्यामुळे धडधडीबरोबर चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा शुद्ध हरपली, तर थांबू नका. २४ तासांचा किंवा त्याहून लांब होल्टर, म्हणजे अंगावर बांधून सतत ईसीजी नोंदवणारं यंत्र, लावायला सांगा. होल्टर लावून घरी झोपून राहू नका, रोजची लोकल पकडा. ठोके कधी चुकतात ते त्यातच कळेल.

१०. मला बीपी नाही. मग बीपीच्या दोन-दोन गोळ्या कशाला?

गोळी बीपीची असली तरी इथे तिचं काम वेगळं आहे. बीटा ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल वगैरे, ठोक्याचा जोर आणि वेग उतरवतात, त्यामुळे एओर्टाच्या भिंतीवर दर ठोक्याला बसणारा धक्का सौम्य होतो. लोसार्टन, इर्बेसार्टन या 'सार्टन' गटाच्या गोळ्या दुसऱ्या वाटेने तेच काम करतात. २०१४ मध्ये ६०८ मुलं आणि तरुणांवरच्या चाचणीत अ‍ॅटेनोलॉल आणि लोसार्टन यांत तीन वर्षांत फरक दिसला नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत इर्बेसार्टनने एओर्टाची वाढ मंदावलेली दिसली. म्हणून बऱ्याच ठिकाणी दोन्ही देतात.

स्नायूसाठी यात जमेची गोष्ट अशी की हेच दोन गट कमी पंपिंगच्या उपचारातही पायाभूत आहेत. ईएफ आणखी उतरला तर डॉक्टर त्यात इतर गोळ्यांची भर घालतात.

बीटा ब्लॉकर एकदम बंद करू नका. गणपतीला गावी गेलात आणि पाकीट मुंबईत राहिलं, असं दर वर्षी कोणाचं तरी होतं. कोकणातल्या वाडीवर ती गोळी मिळेलच असं नाही. एक जादा पाकीट पाकिटातच, म्हणजे पैशांच्या, ठेवा. दमा असेल तर गोळी सुरू होण्याआधी डॉक्टरांना सांगा.

११. मेडिकलवाल्याकडून साधी जुलाबाची किंवा सर्दीची गोळी घेतली तर चालेल?

विचारल्याशिवाय नको. 'फ्लॉक्सासिन'ने संपणारी अँटिबायोटिक्स, म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, यांनी एओर्टा फाटण्याचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला आणि त्यात मार्फानचं नाव स्पष्ट आहे. आपल्याकडे जुलाब म्हटलं की ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलची जोडगोळी काउंटरवरून हातात पडते. माझ्या भावाला अशीच मिळाली होती, चिठ्ठी न पाहता. दोन गोळ्या पोटात गेल्यावर मी पाकीट उलटून नाव वाचलं. नशिबाने काही झालं नाही. त्या दिवसापासून त्याच्या फोनच्या कव्हरमागे त्या नावांची चिठ्ठी आहे.

सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत नाक मोकळं करणारं फिनाइलएफ्रिन असतं, त्याने बीपी वाढतं. साधं पॅरासिटामॉल आणि वाफ चालते.

भिंगाच्या ऑपरेशननंतर डोळ्यांत घालायला मॉक्सिफ्लॉक्सासिनचे थेंब देतात, त्याची भीती बाळगू नका. इशारा गोळ्या आणि इंजेक्शनांबद्दलचा आहे, थेंबातून रक्तात जाणारं औषध नगण्य असतं.

१२. आणि टीबी झाला तर? त्यात तर हीच औषधं असतात म्हणे.

साध्या, औषधांना दाद देणाऱ्या टीबीच्या पहिल्या चार औषधांत ही नसतात. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीच्या उपचारात लिव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन येतं आणि मुंबईत अशा टीबीचे रुग्ण कमी नाहीत. तिथे टीबी बरा न होणं हाही मोठा धोका. स्वतःहून गोळी वगळू नका आणि मुकाट्याने घेऊही नका. टीबीचे डॉक्टर आणि कार्डिऑलॉजिस्ट यांचं एकमेकांशी बोलणं होईल असं पाहा आणि उपचाराआधी, मग मध्येही एओर्टाचं माप घ्या. यातली काही औषधं ईसीजीवरचा क्यूटी, म्हणजे ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ, लांबवतात, म्हणून ईसीजीही हवा.

१३. व्यायाम करू की नको? जिम, दहीहंडी, पाण्याचे हंडे?

चाला. चालणं, सपाट रस्त्यावर सायकल, आरामात पोहणं: बोलता बोलता करता येईल एवढ्या जोराने. अंथरुणावर बसवून ठेवलेला स्नायू आणखी अशक्त होतो.

टाळायचं ते श्वास कोंडून जोर लावणं. त्या क्षणी बीपी उसळतं आणि तो धक्का एओर्टा आणि डावा कप्पा दोघांना बसतो. जड वजनं, पुलअप्स, कबड्डी, कुस्ती नको. दहीहंडीत तर खालच्या थरावर खांद्यांवर भार आणि वरच्या थरावर पडण्याची भीती, दोन्ही वाईट. उंच मुलाला मंडळ मुद्दाम खालच्या थराला बोलावतं. 'दहीहंडीत भाग घेऊ नये' अशी डॉक्टरांची चिठ्ठी असली की मुलाला मित्रांपुढे नाही म्हणायला सोपं जातं. आम्ही तेच केलं.

ढोलपथकाबद्दल बरेच विचारतात. ढोल कमरेला बांधून तासन्‌तास वाजवणं नको. ताशा, झांजा, ध्वज यांबद्दल तुमचं माप पाहून डॉक्टर ठरवतील.

चाळीत राहणाऱ्या बायकांचं कोणी विचारत नाही, म्हणून मीच लिहिते. दोन भरलेले हंडे घेऊन तीन मजले चढणं हे जिमइतकंच जड काम आहे. अर्ध्या बादल्या करा, चार फेऱ्या होऊ देत, घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी सांगा.

१४. एओर्टाचं ऑपरेशन झालं. आता पंपिंगची काळजी मिटली ना?

एओर्टाचं मूळ ५० मिलिमीटरच्या आसपास आलं की ऑपरेशन करतात. घरात कोणाचा एओर्टा फाटलेला असेल, वाढ झपाट्याने होत असेल किंवा बाळंतपणाचा विचार असेल, तर ४५ लाही. बेंटाल ऑपरेशनमध्ये मूळ आणि झडप दोन्ही बदलतात, डेव्हिड पद्धतीत स्वतःची झडप राखतात.

झडपेच्या गळतीने फुगलेला कप्पा ऑपरेशननंतर बऱ्याचदा आकसतो. जाळीतला मूळ दोष मात्र तिथेच राहतो, म्हणून स्नायूचा वार्षिक एको, उरलेल्या एओर्टाचं स्कॅन आणि गोळ्या चालूच. यांत्रिक झडप असेल तर रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर. पालेभाजी बंद करू नका, दर आठवड्याला साधारण सारखी खा म्हणजे आयएनआर, रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, नाचणार नाही. कृत्रिम झडप असलेल्यांनी दात काढण्याआधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं. नुसत्या प्रोलॅप्ससाठी ते लागत नाही.

खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. तुमचं ऑपरेशन त्यात बसतं का, हे आधी त्याला विचारा.

१५. छातीत एकदम दुखलं तर गॅस की अटॅक, ओळखायचं कसं?

तुम्ही ओळखत बसू नका. छातीत किंवा खांद्यांच्या पात्यांमध्ये अचानक फाटल्यासारखी कळ आली, दोन हातांच्या बीपीत फरक आला, बोलणं अडखळलं, एक पाय बधिर झाला, तर एओर्टा फाटलेला असू शकतो. १०८ ला फोन करा. कॅज्युअल्टीत पाय ठेवताच पहिलं वाक्य: 'याला मार्फान आहे, एओर्टाचा सीटी करा.' हे वाक्य महत्त्वाचं, कारण अटॅक समजून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं गेलं तर घात होतो. तिशीतला सडपातळ मुलगा, ईसीजी जवळजवळ नॉर्मल, म्हणून गॅसचं इंजेक्शन देऊन घरी पाठवल्याच्या कहाण्या मी ऐकल्या आहेत.

१६. मूल हवं आहे. पंपिंग थोडं कमी आहे, चालेल का?

गरोदरपणात रक्ताचं प्रमाण जवळजवळ दीडपट होतं, म्हणजे कप्प्याला तेवढं जास्त काम. एओर्टा ४० मिलिमीटरच्या आत असेल तर धोका कमी, ४५ च्या वर असेल तर आधी ऑपरेशन करा, असं सांगतात. ईएफ आणि गळती मात्र स्वतंत्रपणे पाहायलाच हवी. एओर्टा ३८ आणि ईएफ ४२ असलेल्या बाईला 'एओर्टा ठीक आहे, होऊ द्या' हे अर्धं उत्तर आहे.

दिवस राहण्याआधी भेटा. लोसार्टनसारख्या गोळ्या गर्भाला घातक, त्या बंद कराव्या लागतात. बीटा ब्लॉकर चालू राहतो, बहुधा अ‍ॅटेनोलॉलऐवजी दुसरा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचाही वेगळा हिशोब. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडेही धोक्याचे, म्हणून एको तेव्हाही करून घ्या.

१७. घरात कोणालाच नाही, मग मला कसा? आणि जीन टेस्ट निगेटिव्ह आली तर सुटलो?

मार्फानच्या चारपैकी साधारण एका माणसात बिघाड नव्याने आलेला असतो, आईवडिलांत नसतो. तरीही आईवडील आणि भावंडांचा एकदा एको आणि डोळे तपासा. सौम्य मार्फान उंचीच्या कौतुकाखाली दडून राहतो.

जीन टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून निदान आपोआप रद्द होत नाही. मार्फानच्या निदानासाठीच्या २०१० च्या घेंट निकषांत एओर्टा, भिंग आणि शरीराच्या इतर खुणांचे गुण मिळूनही निदान होतं. उलट, कधी जनुक वेगळंच निघतं, जसं लॉइस-डीट्झ सिंड्रोम या मार्फानसारख्याच दिसणाऱ्या आजारात. तिथे एओर्टा लहान असतानाच फाटू शकतो, त्यामुळे या पानावरचे ऑपरेशनचे आकडे त्यांना लागू नाहीत.

१८. स्नायू अगदीच निकामी झाला तर पुढे काय?

हे फार थोड्यांच्या वाट्याला येतं. आधी सगळी औषधं, मग गरजेप्रमाणे शॉक देणारं यंत्र, आणि शेवटी हृदयप्रत्यारोपण. मार्फान आहे म्हणून प्रत्यारोपण होतच नाही, हा गैरसमज आहे. एओर्टाचा विचार करून सर्जन ते करतात. आमच्या परळमध्येच, केईएममध्ये, १९६८ च्या फेब्रुवारीत डॉ. पी. के. सेन यांनी भारतातला हृदयप्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न केला होता. तो रुग्ण काही तासच जगला. आज मुंबईतली अनेक रुग्णालयं हे ऑपरेशन करतात.

१९. लग्न जमवताना सांगायचं का?

सांगायचं. प्रत्येक अपत्याला मार्फान येण्याची शक्यता निम्मी असते, आणि ते नंतर समजलेलं कोणालाच आवडणार नाही. घरातला जनुकीय बिघाड नेमका माहीत असेल तर गर्भाची किंवा आयव्हीएफमध्ये भ्रूणाची तपासणी नोंदणीकृत केंद्रात होऊ शकते. जनुकीय समुपदेशकाकडे दोघांनी मिळून जा.

'किती वर्षं जगणार?' हा पुढचा प्रश्न येतोच. १९७२ च्या एका अभ्यासात मार्फानच्या रुग्णांचं मृत्यूचं सरासरी वय ३२ च्या आसपास होतं. १९९५ च्या अभ्यासात अपेक्षित आयुष्य ७२ पर्यंत गेलं होतं. मधल्या काळात बीटा ब्लॉकर, एको आणि वेळेवरची ऑपरेशनं आली.

माझ्या भावाने मुलीच्या घरी पहिल्याच भेटीत फाइल टेबलावर ठेवली होती. तिचे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, चष्मा लावून प्रत्येक कागद वाचत गेले. ईएफवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, 'हे ५४ म्हणजे कमी ना?' मी तिथेच बसले होते. त्यांना मी प्रश्न २ चं उत्तर दिलं.